संमतीचा हुकूमनामा बदलून मिळेल काय? इंदिरानगरच्या नवशिक्यांसाठी पायरीवार मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका कोणासाठी?

आपण शेजाऱ्यावर दावा लावला. सात वर्षं तारखा घेतल्या. मग एका दुपारी दोन्ही बाजूंच्या वकिलांनी एकाच वेळी घड्याळ पाहिलं आणि "मिटवून टाका आता" असा सल्ला दिला. आपण तडजोड पुरसिसवर, म्हणजे तडजोडीच्या लेखी निवेदनावर, सही केली, शेजाऱ्यानेही केली, साहेबांनी त्याप्रमाणे हुकूमनामा केला. बाहेर येऊन दोघांनी एकाच टेबलावर मिसळ खाल्ली आणि बिलावरून "मी देतो, मी देतो" असा आयुष्यातला पहिला गोड वाद घातला. रात्री ताटावर बसल्यावर घरातून प्रश्न आला, "म्हणजे ती शेड आपण काढायची?"

अभिनंदन. ही मार्गदर्शिका आपल्यासाठीच लिहिली आहे.

नाशिकच्या इंदिरानगरात असे लाभार्थी मुबलक आहेत. रो-हाऊस आलं की सामाईक भिंत आली, भिंत आली की तिच्या आधाराने टाकलेली पत्र्याची शेड आली, आणि शेड आली की सीबीएसजवळच्या कोर्टाची वाट आलीच.

आधी मोफत सल्ला विसरा

इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर रोज सकाळी एक मोफत विधी सल्ला केंद्र भरतं. तिसऱ्या फेरीला बीपी, चौथीला मुलाचं पॅकेज आणि पाचवीला कोर्ट, असा तिथला विषयक्रम. तिथला सर्वमान्य सिद्धांत असा: "जज एकच ना? मग झालं तर! पाच जजांचं बेंच असतं तर गोष्ट वेगळी. एकट्याने सही केली, एकटाच खोडेल."

हा सिद्धांत निम्मा बरोबर आहे, आणि निम्मा बरोबर सल्ला हा साफ चुकीच्या सल्ल्यापेक्षा महाग पडतो. कोणता निम्मा बरोबर, हे पुढे कळेल. त्यासाठी एक उदाहरण हाताशी ठेवू. रो-हाऊस नंबर ७ चे नाना हे वादी, रो-हाऊस नंबर ८ चे अण्णा हे प्रतिवादी. दोघेही काल्पनिक आहेत; आपल्या गल्लीत आढळल्यास दचकू नये. त्यांची तडजोड अशी:

१. सामाईक भिंतीलगतची ३ फूट ६ इंच रुंदीची पट्टी नानांच्या वहिवाटीची.
२. सामाईक बोअरवेलची मोटर अण्णांनी सकाळी ६ ते ७ आणि नानांनी ७ ते ८ चालवावी.
३. शेवग्याच्या शेंगा निम्म्या-निम्म्या.
४. अण्णांनी पत्र्याची शेड ९० दिवसांत काढावी.
५. खर्च ज्याचा त्याने सोसावा.

लागणारं साहित्य

हुकूमनाम्याची सहीशिक्क्याची नक्कल. तडजोड पुरसिसची नक्कल, तिच्यावरच्या निशाणी क्रमांकासह. (झेरॉक्सची झेरॉक्स चालत नाही, तीत आकडे पुसट होतात आणि आपला सगळा मामला आकड्यांचाच आहे.) दाव्यासोबत जोडलेला नकाशा. वकीलपत्र. आणि इंदिरानगरच्या बोगद्यातून वेळेत पलीकडे निघण्याची तजवीज. बोगदा, मुंबई नाका, सीबीएस हे अंतर नकाशावर किरकोळ दिसतं. प्रत्यक्षात आपलं प्रकरण पुकारलं जातं तेव्हा आपण बोगद्यात रिक्षामागे उभे असतो, आणि बोर्डावर "वादी गैरहजर" असा शेरा पडलेला असतो.

पायरी १: चूक पेनाची की मनाची, ते ठरवा

नवशिक्याची पहिली समजूत अशी की साहेबांनी निकाल दिला, म्हणजे साहेबांना तो फिरवता येईल. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २० रूल ३ मध्ये याचं उत्तर आहे: निकालावर एकदा सही झाली की त्यात बदल नाही, भर नाही. अपवाद दोनच. एक कलम १५२, दुसरा पुनर्विलोकन.

कलम १५२ हे पेनाच्या चुकांसाठी. लिहिण्यात झालेली चूक, बेरीज-वजाबाकीतली चूक, नजरचुकीने राहून गेलेली किंवा घुसलेली गोष्ट. ती केव्हाही दुरुस्त होते. कोर्ट स्वतःहून करतं किंवा कोणाही पक्षकाराच्या अर्जावर करतं. मुदतीची अट नाही.

आता नानांची नक्कल उघडा. पुरसिसमध्ये ३ फूट ६ इंच आहे आणि हुकूमनाम्यात ६ फूट ३ इंच टाइप झालं आहे. अण्णा हवालदिल, त्यांच्या हॉलच्या खिडकीपर्यंत नानांची वहिवाट आली. नाना मात्र, "कोर्टाने दिलंय ते देवाने दिलंय," असं म्हणून पट्टीत कढीपत्ता लावून मोकळे. इथे अण्णांनी बिनधास्त अर्ज करावा. पक्षकारांनी कागदावर ठरवलं एक आणि हुकूमनाम्यात उतरलं दुसरं, एवढंच साहेबांना पाहायचं असतं. संमतीच्या हुकूमनाम्यातली लेखनाची किंवा आकड्याची चूक काढून तो मूळ तडजोडीशी जुळवून घेण्याचा अधिकार कोर्टाला आहे, असं सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये कॉम्पॅक खटल्यात सांगितलं आहे. नानांच्या कढीपत्त्याला मात्र नुकसानभरपाई नाही.

पण पुरसिसमध्येच ६ फूट ३ इंच असेल तर? मग वाट अवघड. दावा, नकाशा, जुनी मोजणी या सगळ्यांत ३ फूट ६ इंचच असेल, तर आकडे उलटे पडल्याचं दाखवता येईल. दाखवण्यासारखं काहीच नसेल, तर दोघांनी सही केलेला आकडा हाच खरा आकडा.

आणि "आकडा बरोबर आहे हो, पण मला आता तो पटत नाही" अशी तक्रार असेल, तर ती मनाची चूक. कलम १५२ मध्ये मन हा शब्द नाही.

पायरी १-अ: "लिहायचं राहून गेलं" हे कारण वापरण्याआधी

सगळ्यात लोकप्रिय अर्ज हाच. "तोंडी ठरलं होतं, लिहायचं राहिलं, साहेबांनी एक ओळ घालावी." ही एक ओळ केवढी पडते, याचा धडा मुंबईने घालून दिला आहे. तिथल्या कौटुंबिक न्यायालयात एका जोडप्याचा परस्पर संमतीने घटस्फोट झाला. हुकूमनाम्यात फ्लॅट कोणाच्या नावावर करायचा, याबद्दल अवाक्षर नव्हतं. मागाहून कलम १५२ चा आधार घेऊन ती गोष्ट हुकूमनाम्यात घालून घेण्यात आली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २००१ मध्ये कोएल्हो खटला म्हणून गाजलं. कोर्टाचं सांगणं थोडक्यात असं: जे हुकूमनाम्यात द्यायचं कोर्टाच्या मनातच नव्हतं, ते दुरुस्तीच्या नावाने आत आणता येत नाही. नजरचुकीने ओळ राहते. अख्खा फ्लॅट राहत नाही.

नानांनाही तडजोडीनंतर आठवलं की गेटची चावी ठरवायची राहिली. ती राहिलीच.

पायरी २: दारं मोजा

समजा पेनाची चूक सापडली नाही. मग दुसऱ्या दाराने जाऊ, असं प्रत्येकाला वाटतं. दारं पाहून घ्या.

अपील: कलम ९६, पोटकलम ३. संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपील नाही. आपणच हो म्हटलं, आता वरच्या कोर्टात कशाबद्दल रडणार?

नवा दावा: ऑर्डर २३ रूल ३-अ. तडजोड कायदेशीर नव्हती म्हणून हुकूमनामा रद्द करा, असा स्वतंत्र दावा चालत नाही. हा रूल १९७६ च्या दुरुस्तीने आला. त्याआधी तडजोड मोडण्यासाठी दावा, त्या दाव्यात तडजोड, ती मोडण्यासाठी पुन्हा दावा, अशी पिढीजात सोय होती. संसदेने ती काढून घेतली. याबद्दल काही घराण्यांत अजून हळहळ आहे.

दरखास्त: अंमलबजावणी करणारं कोर्ट हुकूमनाम्याच्या मागे जाऊ शकत नाही. शब्द संदिग्ध असेल तर अर्थ लावेल, नवीन शब्द घालणार नाही.

आता उघडं दार. ते एकच आहे: ज्या कोर्टाने तडजोड नोंदवून हुकूमनामा केला, त्याच कोर्टात, ऑर्डर २३ रूल ३ च्या परंतुकाखाली अर्ज. सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये पुष्पादेवी भगत खटल्यात हे सगळं एका जागी मांडलं: अपील नाही, दावा नाही, आणि ते कोर्ट स्वतः बाजूला सारत नाही तोवर हुकूमनामा दोघांवर बंधनकारक.

म्हणजे ट्रॅकवरच्या सिद्धांताचा निम्मा भाग बरोबर निघाला. पत्ता तोच: तेच कोर्ट, तेच एकटे साहेब. पण त्या पत्त्यावर काय मिळतं, याबद्दल ट्रॅकचा अंदाज चुकला.

कारण सरळ आहे. दावा पूर्ण चालून साहेबांनी निकाल दिला असता, तर त्यात त्यांचं डोकं असतं. पुरावा वाचला, साक्षी ऐकल्या, एकाचं खरं आणि दुसऱ्याचं खोटं मानलं. तिथे "साहेब, पुन्हा पाहा" म्हणण्याला काही अर्थ असतो. संमतीच्या हुकूमनाम्यात साहेबांनी शेड कोणाची हे ठरवलंच नाही. ते नाना-अण्णांनी ठरवलं. साहेबांनी करार कायदेशीर आहे का, सह्या तुमच्याच का आणि समजून केल्या का, एवढं पाहिलं आणि त्यावर कोर्टाचा शिक्का उमटवला. आता एकट्या नानांच्या सांगण्यावरून शर्त बदलायची, तर साहेबांना अण्णांच्या वतीने हो म्हणावं लागेल. एवढा अधिकार एका जजलाच काय, पाच जजांनाही नाही. तो फक्त अण्णांना आहे.

पायरी ३: संमती खरी नव्हती, हे सिद्ध करा (जमल्यास)

त्याच कोर्टात, त्याच दाराने एवढंच म्हणता येतं की तडजोड मुळात कायदेशीर नव्हती. रूल ३ चं स्पष्टीकरण सांगतं की करार कायद्याखाली जो करार रद्द किंवा रद्द होण्याजोगा, तो इथे कायदेशीर नव्हे. म्हणजे जबरदस्ती, गैरवाजवी दडपण, फसवणूक, खोटी माहिती, चूक. साहेब मग चौकशी करून ठरवतात. या प्रश्नासाठी तारीख देऊ नये, दिलीच तर कारण लिहावं, असंही रूलमध्ये छापलेलं आहे. हे वाचून हसू आल्यास आपला कोर्टाचा अनुभव पुरेसा समजावा.

नवशिक्यांच्या सोयीसाठी नेहमीची कारणं आणि त्यांचा बाजारभाव:

"चष्मा घरी राहिला होता." शून्य. साहेबांनी "वाचून घेतलं का?" विचारलं तेव्हा आपण मान डोलावली होती, आणि ती पुरसिसवर नोंदलेली आहे.

"सही माझी नाही, वकिलाने केली." हे कारण मुंबईतून आधीच सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन परतलं आहे. एका बँकेचा मुंबई हायकोर्टातला दावा. प्रतिवादीचं म्हणणं, रूल ३ मध्ये पक्षकाराची सही हवी, वकिलाची कशी चालेल? १९९१ च्या बैराम पेस्तनजी गारीवाला निकालात कोर्टाने सांगितलं की अधिकार असलेल्या वकिलाची सही चालते. तेव्हा वकीलपत्रावरचा बारीक मजकूर आधी वाचावा. कोणी वाचत नाही, हे खरं. म्हणूनच तो बारीक असतो.

"मला फसवलं." वजनदार कारण, पण सुटं चालत नाही. ऑर्डर ६ रूल ४ प्रमाणे कोणी, केव्हा, काय खोटं सांगून फसवलं, याचा तारीखवार तपशील द्यावा लागतो. "अण्णांची नजरच तशी आहे" हा तपशील नव्हे.

"माझा गैरसमज झाला." करार कायद्याचं कलम २२: एकट्याच्याच गैरसमजाने करार रद्द होण्याजोगा ठरत नाही. दोघांचाही मूलभूत वस्तुस्थितीबद्दल गैरसमज असेल, तर कलम २०, आणि करार रद्दबातल. नाना-अण्णांना एकच गैरसमज व्हावा, एवढं त्यांचं जमलं असतं तर दावाच झाला नसता.

"कायदा माहीत नव्हता." कलम २१. यावर काही बोलू नये.

"आता भाव वाढले." हा साक्षात्कार महामार्गालगत राहणाऱ्या सर्वांना होतो. कायद्याला होत नाही.

"घरात विचारलं नव्हतं." सहानुभूती पूर्ण. उपयोग नाही. अपवाद एक: घरातला कोणी अज्ञान वारस दाव्यात पक्षकार असेल आणि त्याच्या वतीने तडजोड करताना ऑर्डर ३२ रूल ७ प्रमाणे कोर्टाची परवानगी घेतली नसेल, तर त्याच्यापुरती ती तडजोड मोडू शकते. तेव्हा घरातल्या सगळ्यात लहान माणसाला विचारायचं राहिलं असेल तरच बोला.

पायरी ४: मुदत वाढवून मागा

शर्त बदलता येत नाही, निदान ९० दिवसांचे १८० करा! अण्णांचा हा विचार वाईट नाही. पत्रे उतरवायला माणसं मिळत नाहीत, आणि श्रावणात शेड काढली तर स्कूटर कुठे लावायची?

कलम १४८ खाली कोर्ट स्वतः ठरवलेली मुदत वाढवू शकतं, एकूण ३० दिवसांपर्यंत. पण ही मुदत कोर्टाने ठरवली की नाना-अण्णांनी? १९६७ च्या हुकुमचंद निकालाप्रमाणे दोघांच्या संमतीने ठरलेली मुदत कोर्ट एकाच्या सांगण्यावरून वाढवू शकत नाही. १९८३ च्या पेरियक्कल निकालाप्रमाणे करार एकदा कोर्टाचा हुकूम झाला की न्यायासाठी, क्वचित प्रसंगी, कोर्ट मुदत वाढवू शकतं.

सुनावणीच्या दिवशी नानांचे वकील १९६७ आणतील, अण्णांचे १९८३ आणतील. साहेब दोन्ही बाजूला ठेवून अण्णांना विचारतील, "इतके दिवस काय केलं?" या एका प्रश्नावर बहुतेक अर्ज निकाली निघतात. उत्तर म्हणून पत्र्याच्या ठेकेदाराशी झालेला व्हॉट्सॲप संवाद जोडावा. "येतो, उद्या येतो" असे त्याचे मेसेज असतील तर अण्णांचा प्रामाणिकपणा आपोआप सिद्ध होतो.

पायरी ५: पंचवटी एक्स्प्रेस पकडा

काही इंदिरानगरवासी दुसऱ्या अपिलात मुंबई हायकोर्टापर्यंत जातात आणि तडजोड तिथे करतात. आयुष्यभर भांडले एका बोगद्याच्या अलीकडे आणि सह्या केल्या फोर्टमध्ये. तिथे दुसरं अपील एकल न्यायमूर्तींपुढे चालतं, आणि ट्रॅकवरच्या सिद्धांताला पुन्हा उकळी फुटते: एकल आहेत, मग वर खंडपीठ आहे की! दुसऱ्या अपिलात नाही. कलम १००-अ ने एकल न्यायमूर्तींच्या अपिलातल्या निकालावर पुढचं अंतर्गत अपील बंद केलं आहे. किरकोळ दुरुस्तीसाठी पुन्हा त्याच न्यायमूर्तींकडे, त्यांच्याकडे तो विभाग नसेल तर मुख्य न्यायमूर्तींनी ज्यांना काम वाटून दिलं असेल त्यांच्याकडे.

मुंबई हायकोर्टात लेखनाच्या चुकांसाठी स्पीकिंग टू मिनिट्स नावाची एक सुटसुटीत पद्धत आहे. वकील उभे राहतात, "परिच्छेद ६ मध्ये वादीऐवजी प्रतिवादी पडलं आहे" म्हणतात, न्यायमूर्ती पाहतात, दुरुस्ती होते. पद्धत सुटसुटीत असल्यामुळे तिच्यातून शेडसुद्धा सोडवून घेता येईल असं काहींना वाटतं. न्यायमूर्तींना तसं वाटत नाही.

मिनिट्स ऑफ ऑर्डर हा तिथला दुसरा प्रकार. दोन्ही वकील हुकमाचा मसुदा स्वतःच लिहून देतात आणि कोर्ट त्याप्रमाणे हुकूम करतं. दिसायला तडजोडीची सख्खी बहीण. पण ३० एप्रिल २०२४ च्या अजय ईश्वर घुटे निकालात न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी दोघींची नाती वेगळी केली: असा हुकूम संमतीचा समजू नये, तो कोर्टाचा स्वतःचाच हुकूम, म्हणून न्यायमूर्तींनी तो तपासून, इतर कोणाच्या हक्काला धक्का लागतो का हे पाहूनच करायचा. न्या. ओक मूळचे मुंबई हायकोर्टाचे, त्यामुळे ही पद्धत त्यांना बाहेरून शिकायची नव्हती. नवशिक्याने यातून एवढंच घ्यावं: आपल्या कागदावर नेमकं काय लिहिलं आहे, पुरसिस, कन्सेंट टर्म्स की मिनिट्स, हे दुरुस्तीची बात करण्याआधी वाचावं. दवा त्यावर अवलंबून आहे.

पायरी ६: लोकअदालतीत मिटवलं असल्यास

मग ही मार्गदर्शिका इथेच मिटवली तरी चालेल. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम २१ प्रमाणे लोकअदालतीचा निवाडा हा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच, अंतिम आणि अपिलाविना. आव्हान द्यायचं तर हायकोर्टात रिट, तेही फार मोजक्या कारणांवर. सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये जालोर सिंग खटल्यात तसं सांगितलं. आपल्याला मिळालेली एकमेव निखळ गोष्ट म्हणजे परत आलेली कोर्ट फी. ती घेतली असेल तर तक्रार करताना आवाज बेताचा ठेवावा.

स्वतःची परीक्षा घ्या

प्रश्न: हुकूमनाम्यात अण्णांचं रो-हाऊस ८ ऐवजी ८० झालं आहे. काय करावं?
उत्तर: कलम १५२. गल्लीत ८० नंबर असल्यास अर्ज तातडीने करावा, नाहीतर तिसराच माणूस शेड काढायला लागेल.

प्रश्न: हुकूमनामा करणाऱ्या साहेबांची उन्हाळ्यात बदली झाली. आता?
उत्तर: कोर्ट जागेवरच आहे. नव्या मॅडमना तोच अधिकार, तेवढाच अधिकार. "त्या साहेबांना सगळं माहीत होतं" हे त्यांना सांगू नये.

प्रश्न: अण्णांनी शेड काढली नाही आणि नानाही आळसावले. किती दिवस थांबता येईल?
उत्तर: शेड काढण्यासारखं काही करायला लावणाऱ्या हुकमाच्या दरखास्तीला ३ वर्षं. पुन्हा शेड टाकू नये अशी कायमची मनाई हुकूमनाम्यात असेल, तर तिच्या अंमलबजावणीला मुदतच नाही. आळस निवडताना हा फरक लक्षात घ्यावा.

प्रश्न: शेवगा दोघांच्याही हद्दीत नसून महापालिकेच्या जागेत निघाला.
उत्तर: कलम २०. शेंगा हा कराराचा गाभा होता का, यावर तीन तारखा युक्तिवाद होईल. तोवर सांबार करून घ्यावं.

पायरी ७: हमखास उपाय

आतापर्यंतच्या पायऱ्या बहुधा निष्फळ ठरल्या असतील. काळजी नको. संमतीच्या शर्ती प्रत्यक्षात बदलण्याचा एक हमखास, स्वस्त आणि संपूर्ण कायदेशीर मार्ग आहे: आणखी एक संमती. नाना आणि अण्णा दोघेही तयार असतील, तर अधिकारक्षेत्राचा प्रश्न उरत नाही. ऑर्डर २१ रूल २ प्रमाणे हुकूमनाम्याबाबत बाहेर जे नव्याने ठरलं, ते कोर्टात नोंदवून घ्यायचं. नोंदवलं नाही तर दरखास्तीचं कोर्ट ते जमेस धरणार नाही, कट्ट्यावर दहा माणसांसमोर हात मिळवले असले तरीही. ज्याला हुकूमनामा पाळायचा आहे, त्याने नोंदवून घ्यायचं असेल, तर मुदत ३० दिवस. नव्या तडजोडीत दाव्याबाहेरची स्थावर मिळकत आणली तर नोंदणी लागते, आणि मिळकत खरोखर हस्तांतरित होत असेल तर मुद्रांक शुल्क. संमतीचा हुकूमनामाही खरेदीखतासारखा मुद्रांकाच्या जाळ्यात येतो, हे महाराष्ट्रातल्याच रुबी सेल्स खटल्याने पक्कं केलं आहे. मोटरच्या वेळेवर मात्र अजून मुद्रांक नाही.

नमुना:

मे. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, नाशिक यांचे न्यायालयात
वादी: नाना, रा. रो-हाऊस ७, इंदिरानगर
प्रतिवादी: अण्णा, रा. रो-हाऊस ८, इंदिरानगर
उभय पक्षकारांचा अर्ज असा की, हुकूमनाम्यातील कलम २ मधील मोटरच्या वेळा उभयतांनी राजीखुशीने अदलाबदल केल्या असून कलम ४ मधील शेड काढण्याची मुदत उभयतांस दिवाळीपर्यंत मान्य आहे. सबब सदर तडजोड नोंदवून घ्यावी, ही विनंती.
वादीची सही: ………
प्रतिवादीची सही: ………

अर्ज भरण्याच्या सूचना: वादीची सही सोपी असते. प्रतिवादीच्या सहीसाठी वकीलपत्र लागत नाही, बोगदा ओलांडावा लागत नाही, पंचवटी तर मुळीच नाही. रो-हाऊस ८ ची बेल वाजवावी. तिच्यावर सात वर्षांपूर्वीही कोर्ट फी नव्हती. फक्त सकाळी ६ ते ७ जाऊ नये. हुकूमनाम्याप्रमाणे तेव्हा अण्णांची मोटर चालू असते आणि त्यांना बेल ऐकू येत नाही.